लांबारेने : एका सेवाकार्याचे पुनर्दर्शन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



आपल्या संमेलनात प्रवासवर्णन ऐकविण्याची प्रथा जुनी आहे. काशी-रामेश्वरापासून विलायत-अमेरिकेपर्यंतची वर्णने या व्यासपीठावरून झाली आहेत. आम्हां उभयतांना जेव्हा चिटणिसांनी विचारले, तेव्हा आम्ही एकच अट घातली, की आम्ही प्रेक्षणीय स्थळांविषयी बोलणार नाही. आम्ही एका रुग्णालयाविषयी बोलू. ते आफ्रिका खंडात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, ओगोवे नावाच्या मोठ्या नदीच्या काठी आहे. गावाचे नाव लांबारेने, देश गॅबन. नोकरीच्या निमित्ताने त्या देशात आमचे वास्तव्य झाले आणि १९९४ च्या जुलै महिन्यात आम्ही ते रुग्णालय प्रथम पाहिले. पुढे एकोणतीस वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, पुन्हा जाण्याचा योग आला. या दोन भेटींच्या मध्ये काय वाढले, काय खुंटले आणि काय अनपेक्षितपणे उगवले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे. मंडळापुढे यंदा वैद्यकीय साहाय्य निधीचा आणि नियोजित दवाखान्याचा प्रश्न आहे, म्हणून हा विषय आम्हांस समयोचित वाटला.

ज्याने हे रुग्णालय स्थापिले त्या डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांचे नाव आपल्यापैकी वडील मंडळींना अपरिचित नसेल. सुमती देवस्थळे यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे आणि ते आपल्या घराघरांतून वाचले गेले आहे. तरी तरुण श्रोत्यांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे.

श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सेस प्रांतात झाला. त्या काळी हा प्रांत जर्मनीच्या ताब्यात होता, आज तो फ्रान्समध्ये आहे. वडील प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक. मुलगा तत्त्वज्ञानाचा डॉक्टर झाला, धर्मशास्त्राचा अध्यापक झाला, ऑर्गन वाजविण्यात नामांकित झाला, आणि बाख या संगीतकारावर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. एवढे सारे तिशीच्या आत-बाहेर! परंतु एकविसाव्या वर्षीच त्याने मनाशी ठरविले होते, की तीस वर्षे पुरी होईपर्यंत विद्या आणि कला यांची उपासना करावी व त्यानंतरचे आयुष्य प्रत्यक्ष मनुष्यसेवेस द्यावे. असे संकल्प तरुणपणी पुष्कळ जण करतात. याने तो पाळला, हा फरक. १९०४ साली पॅरिसच्या मिशनरी सोसायटीच्या मासिकात गॅबनमधील कामासाठी माणसे हवी आहेत असा लेख त्याच्या वाचनात आला. पुढील वर्षी, म्हणजे तिसाव्या वर्षी, हा प्राध्यापक वैद्यकीच्या वर्गात पोरांच्या शेजारी जाऊन बसला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे, कारण मिशनरी रुग्णालय म्हटले की आपल्या समाजात पहिला प्रश्न धर्मांतराचा निघतो, आणि तो विचारण्याचा आपल्याला अधिकारही आहे. श्वाइट्झर यांची धर्मविषयक मते त्या सोसायटीला पसंत नव्हती. ख्रिस्ताच्या चरित्रासंबंधी त्यांनी लिहिलेल्या ग्रंथामुळे सनातनी मंडळी बिथरली होती. अखेर त्यांनी आपला खर्च आपणच करण्याचे आणि केवळ डॉक्टर म्हणून काम करून धर्मोपदेशाच्या बाबतीत तोंड बंद ठेवण्याचे कबूल केले, तेव्हा त्यांना परवानगी मिळाली. म्हणजे धर्मप्रचारक संस्थेने आपल्या सर्वांत विद्वान सेवकाला ज्या अटीवर पाठविले, ती अट 'प्रचार करू नये' ही होती! पुढे तेथील मिशनरी मंडळींनीच त्यांच्यावरील हे बंधन सैल केले व रविवारची प्रार्थना रुग्णालयात होऊ लागली, हेही तितकेच खरे. प्रार्थना होत असे, परंतु उपचारासाठी कोणास धर्म विचारला जात नसे.

१९१३ च्या मार्चमध्ये डॉक्टर व त्यांच्या पत्नी हेलेन निघाले. हेलेन यांनी या कामासाठी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. बरोबर औषधे व उपकरणे यांची सत्तर खोकी होती आणि दमट हवेत टिकावा म्हणून जस्ताचे अस्तर लावलेला, पायपट्ट्यांची जोड असलेला एक पियानो होता. १६ एप्रिल रोजी ते लांबारेनेजवळच्या आंदेंदे या मिशनच्या ठाण्यावर उतरले. दवाखान्यासाठी जी इमारत मिळावयाची होती ती बांधलीच गेलेली नव्हती. लाकडाच्या व्यापारात मजुरांना इतकी मागणी होती, की मिशनला माणसे मिळेनात. मग कोंबड्यांचे एक जुने खुराडे साफ करून, त्यास चुना लावून, त्यात तपासणीची खोली थाटण्यात आली. रोग्यांची रीघ तर पहिल्या दिवसापासून लागली होती. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी तपासले गेले. हिवताप, महारोग, निद्रारोग, आमांश, चिघळलेली क्षते, अडकलेला अंतर्गळ. यांपैकी शेवटच्या रोगाने त्या भागात माणसे दिवसचे दिवस किंकाळ्या फोडून मरत असत, कारण शस्त्रक्रिया करणारे कोणी आसपास नव्हते.

त्या खुराड्यातील कारभार कसा चाले, याचे वर्णन डॉक्टरांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना आम्हांस आपल्याकडील तालुक्याच्या गावातील दवाखान्याची वारंवार आठवण झाली. प्रत्येक रोग्याला एक क्रमांक लिहिलेली पुठ्ठ्याची गोल चकती दोरीत ओवून गळ्यात घालण्यास देत. त्या क्रमांकाशी वहीतील रोगाची व औषधाची नोंद जुळे. लोक ही चकती ताइतासारखी जपून ठेवीत. रोज सकाळी दवाखान्याचे नियम दोन भाषांत मोठ्याने पुकारले जात. घराजवळ थुंकू नये, गलका करू नये, दिवसभराचे अन्न बरोबर आणावे, परवानगीवाचून रात्री राहू नये, औषधाच्या बाटल्या व डब्या परत आणाव्यात, आणि महिन्याच्या मध्यास आगबोट आली म्हणजे ती परत जाईपर्यंत तातडीच्या कामाखेरीज कोणी येऊ नये, कारण त्या वेळी डॉक्टर युरोपला औषधांसाठी पत्रे लिहीत असतात. बाटल्या परत आणण्याचा नियम आपल्याही लहानपणी होता, हे येथील कित्येक पांढऱ्या केसांना आठवत असेल.

डॉक्टरांचा दुभाषी व मदतनीस जोसेफ आझोवानी हा पूर्वी आचारी होता. शरीराचे भाग तो स्वयंपाकघरातील मांसाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगे. अमक्या बाईच्या उजव्या बरगडीत दुखते, असे न म्हणता तो त्या ठिकाणी फ्रेंच खाटीक जो शब्द वापरतो तो वापरी. हसू येते खरे, पण याच जोसेफच्या जिभेवर त्या रुग्णालयाची पहिली वर्षे उभी होती. त्याचे नाव चरित्रग्रंथांतून एखाद्या गमतीपुरते येते, याचे आम्हांस वाईट वाटते.

१९१४ साली महायुद्ध पेटले. गॅबन फ्रेंचांचा आणि डॉक्टर जर्मन प्रजाजन, म्हणून त्यांना घरातच स्थानबद्ध केले गेले. पुढे काही सवलत मिळाली. १९१५ च्या सप्टेंबरात नदीतून प्रवास करीत असता, पाणघोड्यांच्या कळपाजवळून नाव जात असताना, ज्यास ते 'जीवमात्राविषयी आदर' म्हणत तो विचार त्यांना सुचला. आपल्याकडील अहिंसाविचाराशी याचे नाते आहे हे ते जाणून होते. भारतीय विचारपरंपरेवर त्यांनी पुढे एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्या ग्रंथातील सर्वच निष्कर्ष आपल्या विद्वानांस मानवले नाहीत. संसाराला नकार हा भारतीय विचाराचा मुख्य सूर आहे, असे ते म्हणतात, आणि आमच्या मते तेथे त्यांनी गीतेतील कर्मयोगाला पुरता न्याय दिला नाही. पण हे विषयांतर झाले.

१९१७ साली या दांपत्याला कैदी म्हणून फ्रान्सला नेण्यात आले. १९१८ साली सुटका झाली तेव्हा हाती कर्ज होते आणि प्रकृती खालावलेली. व्याख्याने देऊन, ऑर्गनचे जलसे करून, पुस्तक लिहून कर्ज फिटले आणि १९ एप्रिल १९२४ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, डॉक्टर परत लांबारेनेस पोहोचले. पत्नी प्रकृतीमुळे व लहान मुलीमुळे मागे राहिल्या. या परतण्याचा प्रसंग आम्हांस पहिल्या आगमनापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. काय शिल्लक होते? पत्र्याची एक लहान इमारत आणि एका मोठ्या खोपटाचा नुसता लाकडी सांगाडा. डॉक्टरांच्या घराकडून दवाखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर गवत आणि वेली अशा माजल्या होत्या, की तिची वळणे ओळखू येईनात. जंगलाने सात वर्षांत सारे परत घेतले होते.

मग सकाळी डॉक्टर आणि दुपारी गवंडी, सुतार, मुकादम असा क्रम सुरू झाला. पाने शिवून केलेल्या छपरांसाठी ते गावोगाव नावेतून हिंडले. इतक्यात १९२५ मध्ये दुष्काळ आणि आमांशाची साथ एकदम आली. दुष्काळाचे कारण त्यांनी स्पष्ट नोंदविले आहे. ओकुमे नावाच्या लाकडाला युरोपात भाव आला, पुरुष माणसे तोडकामाच्या तळांवर गेली, शेते पडीक राहिली आणि बाहेरचा तांदूळ येईनासा होताच लोक उपाशी मरू लागले. रुग्णालयात साथीच्या रोग्यांना वेगळे ठेवण्यास जागा नव्हती. तेव्हा उभारलेले सारे सोडून नदीच्या वरच्या अंगास सुमारे तीन किलोमीटरवर अधिक मोठ्या जागी नवे रुग्णालय बांधण्याचा निर्णय त्यांनी घेतला. २१ जानेवारी १९२७ रोजी रोगी नव्या जागी हलविण्यात आले. जे पन्नाशी उलटेपर्यंत दोनदा उभारले, ते तिसऱ्यांदा उभारावयाचे!

हेच ते 'जुने रुग्णालय', जे आम्ही १९९४ साली पाहिले. लीब्रव्हील राजधानीपासून रस्त्याने सुमारे २४० किलोमीटर, आणि वाटेत विषुववृत्त ओलांडावे लागते. जुलै महिना म्हणजे तिकडे कोरडा ऋतू. नदी खाली गेलेली, पात्रात वाळूची बेटे उघडी पडलेली आणि आकाश सतत मळभलेले. तांबड्या रंगाच्या छपरांच्या लांबट, अरुंद इमारती उतारावर ओळीने उभ्या होत्या. सगळ्या पूर्व-पश्चिम अशा बांधलेल्या. विषुववृत्तावर सूर्य डोक्यावरून जातो, त्यामुळे ऊन केवळ आखूड बाजूंवर पडते आणि लांब भिंती सावलीत राहतात. छपरे पुढे झुकलेली, वारा आरपार जाईल अशी रचना, आणि पुराचे व उतारावरून येणाऱ्या पाण्याचे भय म्हणून खांबांवर उभारणी. आमच्यापैकी एक जण स्थापत्याचा अभियंता असल्याने त्याने तेथे तासभर घालविला, व दुसऱ्याने त्याची वाट पाहत डॉक्टरांची खोली पाहिली. लहान खोली, लोखंडी खाट, टेबल आणि तो पियानो. बाहेर नदीकडे तोंड करून काही साधे क्रूस आहेत. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, डॉक्टर येथेच वारले व येथेच त्यांना पुरले. १९५७ साली वारलेल्या हेलेनबाईंचा रक्षाकलशही येथेच आहे.

त्या भेटीत आम्हांस जे सर्वांत ओळखीचे वाटले ते मात्र कोणत्याच स्मारकात नव्हते. रोग्याबरोबर नातलग यावेत, त्यांनी तेथेच राहावे, चूल मांडावी, आपल्या माणसास आपल्या हातचे घालावे, ही डॉक्टरांची योजना होती. अनोळखी हातचे अन्न खाण्यास लोक भीत, हे त्यांनी ओळखले होते. युरोपीय पाहुणे या धुराला, कोंबड्या-बकऱ्यांना आणि अस्वच्छतेला नाके मुरडीत. आपल्यापैकी जे मिरजेच्या रुग्णालयात आप्तांच्या उशाशी राहिले असतील त्यांना यात नवल वाटणार नाही. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली अमेरिकन मिशनतर्फे मिरजेस ते रुग्णालय उघडले आणि कोकण-कर्नाटकापासूनची माणसे तेथे बैलगाडीने, आगगाडीने येऊ लागली. परदेशी मिशनचे वैद्यकीय कार्य म्हणजे काय, हे महाराष्ट्राला मिरजेने लांबारेनेच्या आधी दाखविले होते, हे आपण विसरू नये.

१९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक श्वाइट्झर यांना मिळाले. त्या पैशातून त्यांनी महारोग्यांच्या वसाहतीची पक्की घरे बांधली. सल्फोन जातीची औषधे निघाल्यावर महारोग बरा होऊ लागला होता. आपल्याकडे अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोड्यास बाबा आमटे यांनी जे आरंभिले, तेही याच सुमारास. डॉक्टरांच्या मृत्युसमयी रुग्णालयात सत्तरच्या आसपास इमारती होत्या. एका माणसाच्या हयातीत एवढे झाले.

पण आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या कार्याची स्तुती पुष्कळ झाली, तशी टीकाही झाली, आणि ती केवळ द्वेषमूलक नव्हती. आफ्रिकी मनुष्य आपला भाऊ आहे, पण धाकटा भाऊ, अशा अर्थाचे डॉक्टरांनी लिहिले होते. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ सालच्या आपल्या व्याख्यानात या वाक्यावर कठोर प्रहार केला. ज्या समाजाला शतकानुशतके कोणाचा तरी 'धाकटा भाऊ' म्हणवून घ्यावे लागले आहे, त्याला या शब्दांतील डंख चटकन कळतो, आणि आपल्या देशातील कोणत्याही ज्ञातीने तो न कळल्याचे ढोंग करू नये. कॅमेरूनचे दिग्दर्शक बासेक बा कोबियो यांनी १९९५ साली लांबारेनेवर जो चित्रपट काढला, त्यातही हाच सल आहे. १९६० साली गॅबन स्वतंत्र झाला, तरी रुग्णालयाचा कारभार डॉक्टरांच्या एकट्याच्या शब्दावर चाले. विजेचे दिवे मुख्यतः शस्त्रक्रियेच्या खोलीपुरते, बाकी ठिकाणी रॉकेलचे कंदील. स्थानिक लोकांतून मदतनीस व मलमपट्टी करणारे तयार झाले, पण डॉक्टर आणि प्रमुख परिचारिका समुद्रापलीकडूनच येत राहिल्या. आमच्या मते हा या थोर आयुष्यातील सर्वांत मोठा उणेपणा होय. पन्नास वर्षांत शाळा काढून माणसे घडविता आली असती.

म्हणूनच १९६५ नंतर काय होणार, हा प्रश्न भयंकर होता. कन्या रेना यांनी काही वर्षे कारभार सांभाळला. १९७४ साली एक आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले आणि रुग्णालय व्यक्तीच्या हातून संस्थेच्या हाती गेले. १९८१ साली जुन्या वास्तूच्या जवळच नवे रुग्णालय उघडले, त्यात गॅबन सरकारचाही पैसा आला. १९९४ साली आम्ही गेलो तेव्हा हे नवे रुग्णालय तेरा वर्षांचे होते, आणि खरे सांगावयाचे तर ते पाहून आमचे मन फारसे प्रसन्न झाले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथील चलनाचे मोल एका रात्रीत निम्मे झाले होते. परदेशी औषधांची किंमत त्यामुळे दुप्पट झालेली. डॉक्टरांची खोली पाहावयास पाहुणे येत, फोटो घेत, आणि जिवंत रुग्णालयाकडे फारसे न पाहता परत फिरत. हे आता स्मारक म्हणून उरेल, असे आम्ही परतताना एकमेकांस म्हणालो होतो.

२०२३ साली जे पाहिले त्याने तो तर्क उरला नाही. जुनी वास्तू वस्तुसंग्रहालय म्हणून जपली आहे आणि जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गॅबनने तिचे नाव २००९ पासून घातले आहे. पण वाढ तेथे झालेली नाही. ती झाली आहे एका अशा ठिकाणी, जेथे १९९४ साली आम्ही डोकावलोही नव्हतो. नवे रुग्णालय निघाले त्याच वर्षी, १९८१ साली, त्याच्या आवारात एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झाली होती. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या सहकार्याने ती वाढली आणि आज ती लांबारेनेचे वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून स्वतंत्रपणे उभी आहे. हिवतापाच्या औषधांच्या कित्येक चाचण्या तेथे झाल्या. इबोलाच्या लशीच्या पहिल्या टप्प्यातील चाचण्या ज्या ठिकाणी १९१४ च्या नव्हे, २०१४-१५ च्या संकटकाळी झाल्या, त्यांत जिनिव्हा, हांबुर्ग आणि केनियातील किलिफी यांच्या जोडीला लांबारेने होते. जिनिव्हा-हांबुर्गच्या पंक्तीला लांबारेने! आणि ते नमुने तपासणारी, आकडे मांडणारी, निबंध लिहिणारी माणसे आफ्रिकी आहेत. गॅबन, बेनिन व आसपासच्या देशांतील तरुण तेथे शिकतात, आणि केंद्राचे नेतृत्वही आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे.

हिवतापाच्या लशीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या रोगाशी आपला जुना संबंध आहे. डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्याच सिकंदराबादेस सापडला. त्यानंतर लस निघावयास सव्वाशे वर्षे लागली. जीवाणूंच्या किंवा विषाणूंच्या मानाने हिवतापाचा परोपजीवी फार धूर्त असतो. डासाच्या सोंडेतून, यकृतात, मग तांबड्या पेशींत असा तो घरे व वेष दोन्ही बदलतो, आणि शरीराच्या रक्षकांना त्याची ओळख पटेपर्यंत तो पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो. यकृतात शिरण्यापूर्वीच त्याला अडविणारी जी पहिली लस यशस्वी ठरली, तिची मोठी चाचणी २००९ पासून आफ्रिकेच्या सात देशांतील अकरा केंद्रांवर झाली. १५,४५९ बालके तीत सहभागी होती. त्या अकरा केंद्रांपैकी एक लांबारेने. पाच ते सतरा महिन्यांच्या मुलांत चार मात्रांनंतर हिवतापाचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढेच? परंतु ज्या गावी प्रत्येक मूल वर्षातून अनेकदा तापाने फणफणते, तेथील आईला हा एकतृतीयांश काय आहे ते विचारावे. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या लशीची शिफारस केली.

आणि आम्ही परतल्यावर तीन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर २०२३ रोजी, दुसऱ्या लशीची शिफारस झाली. ती ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधली आणि तिचे उत्पादन होते आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिच्या मोठ्या चाचण्या लांबारेनेस नव्हे, तर बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया येथे झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पहिल्या लशीने वाट पाडली नसती तर दुसरी इतक्या लवकर चालती ना.

या सगळ्यातून आमच्या मनात जे राहून गेले ते आपल्या मंडळाच्या कामाशी निगडित आहे. आपल्याच ज्ञातीतील एका सेवाभावी डॉक्टरांनी चाळीस वर्षे नाममात्र पैशांत चालविलेला दवाखाना त्यांच्यामागे दोन वर्षांत बंद पडला, हे येथे सर्वांस ठाऊक आहे. कोणाचा दोष होता असे नव्हे. औषधे कोठून येतात, हिशेब कसे ठेवले आहेत, कोणत्या रोग्याला काय सवलत आहे, हे सारे एका डोक्यात होते, आणि ते डोके गेले. लांबारेनेचेही १९६५ साली असेच होऊ शकले असते. झाले नाही, कारण प्रतिष्ठान झाले, सरकारचा पैसा घेण्यात कमीपणा मानला गेला नाही, आणि मुख्य म्हणजे प्रयोगशाळेच्या रूपाने तेथे शिकण्याची सोय झाली. जेथे शिकता येते तेथे तरुण येतात. जेथे नुसती सेवा करावयाची असते तेथे ते फार तर एक वर्ष राहतात. हे कटू वाटेल, पण आम्ही दोन्ही पाहिले आहे.

तेव्हा नियोजित दवाखान्याच्या इमारतीवर कोणाचे नाव घालावे यावर गेल्या सभेत जो दीड तास गेला, त्यापैकी निम्मा वेळ तरी तेथे परिचारिकांचे व तंत्रज्ञांचे शिक्षण कसे चालवावे या विचारास मिळावा, अशी आमची नम्र सूचना आहे. दवाखाना ज्ञातीपुरता असावा की सर्वांसाठी खुला, हाही प्रश्न निघाला होता. देणगीदार कुटुंबांच्या भावना आम्ही समजू शकतो. तथापि दहा-वीस घरांच्या रोग्यांवर कोणत्याही डॉक्टरचा हात बसत नाही, आणि रस्त्यावरून येणाऱ्याला दारातून परत पाठविणारा दवाखाना चालविण्यास चांगला डॉक्टर मिळणेही कठीण. आम्ही दोघेही निधीस आमचा वाटा दवाखाना सर्वांस खुला राहील या अटीवरच देत आहोत, हे कार्यकारी मंडळास लेखी कळविले आहे.

गॅबनची स्थिती या काळात स्थिर राहिलेली नाही. आम्ही परतल्यावर महिनाभराने, ३० ऑगस्ट २०२३ रोजी, तेथे लष्कराने सत्ता हाती घेतली. रुग्णालयाला पैशाची चणचण पूर्वीही होती आणि ती संपली आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९४० साली फ्रेंचांचे दोन गट लांबारेनेपाशी आपसांत लढले, तेव्हा दोन्ही बाजूंनी रुग्णालयावर बाँब न टाकण्याची काळजी घेतली होती आणि डॉक्टरांनी तरीही नदीकडच्या भिंतींना जाड पत्रे ठोकून घेतले होते. विश्वास आणि पत्रे, दोन्ही.

दुसऱ्या भेटीच्या सायंकाळी आम्ही माता-बालक विभागाच्या बाहेर बराच वेळ बसलो होतो. आत मुले वजन करून घेत होती व त्याबद्दल जोरजोराने तक्रार करीत होती. एका तरुण आईने आपले बाळ आमच्या मांडीवर दिले आणि नोंदवही शोधण्यासाठी ती पिशवी उलटीपालटी करू लागली. वही सापडली. तिच्यावर क्रमांक होता, आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोऱ्याने बांधलेली होती. आवाराच्या खालच्या अंगाला नातलग बायका केळी उकडीत होत्या.

आम्ही काढलेली छायाचित्रे, जुन्या इमारतींचे हाताने काढलेले दोन नकाशे आणि संशोधन केंद्राची काही माहितीपत्रके मंडळाच्या वाचनालयात ठेवण्यासाठी चिटणिसांकडे दिली आहेत. माहितीपत्रके फ्रेंचमध्ये आहेत. ज्या विद्यार्थ्यांस ती वाचून घ्यावयाची असतील त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी आमच्या घरी यावे.